न चालवता पेट्रोल पिणारं इंजिन

सोयाबीन वीस दिवसांचं झालं, वापसा आला, की आमच्या मराठवाड्यात शेतातल्या आखाड्या-आखाड्यावरून एकच आवाज येऊ लागतो. पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं छोटं पेट्रोल यंत्र, सुरू करायला त्याची दोरी ओढल्याचा. खर्र... खर्र... इंजिनाचा आवाज त्यानंतर येईलच असं नाही.

दोरी ओढणाऱ्याभोवती चार जण जमतातच. एक म्हणतो चोक लाव, दुसरा म्हणतो चोक काढ. तिसरा म्हणतो, "कशाला उगं दोरी तोडायलास, प्लगला करंट नसंल." चौथा काहीच बोलत नाही, तो बिडी पेटवतो. या चौघांत खरा धोकादायक चौथाच.

माझं म्हणणं साधं आहे. दोरी सोडा, इंजिनातलं तेल मोजायची काडी काढा आणि नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला आणि तेल पातळ होऊन खुणेच्या वर चढलेलं दिसलं, की निदान झालं. काही जण मात्र वाढलेलं तेल बघून खूश होतात. अहो, दहा महिने कोपऱ्यात पडलेल्या इंजिनात तेलाची बरकत कशी होईल? ती टाकीतल्या पेट्रोलची वाट चुकलेली आहे.

वाट चुकते ती अशी. या इंजिनांत टाकी वर आणि पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर खाली. मध्ये पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. त्याला थोपवतो कार्बोरेटरच्या वाटीतला फ्लोट. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो, तसाच. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि रबरी टोकाची बारीक सुई भोकात बसवतो. त्या सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला, की थेंब थेंब गळती सुरू. वाटी भरते, पेट्रोल नळीतून कार्बोरेटरच्या घशात येतं. इंजिनात हे मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असेल तर सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलात. व्हॉल्व्ह बंद असेल तर एअर फिल्टर न्हाऊन निघतो. त्यात यंत्र हँडलवर कलतं करून भिंतीला टेकवलेलं असेल तर मग विचारूच नका. आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेची उष्णता म्हणजे पेट्रोलला घरी बसू न देण्याचा बंदोबस्तच.

जुनं पेट्रोल नुसतं गळत नाही, ते चिकटतंही. उडून गेलेल्या पेट्रोलमागं डिंकासारखा पिवळा थर राहतो आणि सुई एक तर भोकात चिकटते, नाही तर अर्ध्यात लटकते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते. त्यातलं काही इथेनॉल उसाचं. म्हणजे ऊस आपला, कारखाना आपला आणि कार्बोरेटरही आपलाच!

दोरी अर्ध्यात येऊन दगडासारखी अडली, तर पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल साचलंय. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. अशा वेळी पाय लावून झटका देणारे पैलवान दोरी तोडतात किंवा स्टार्टरची चकती. हिरवळीवर बसून चालवायच्या मोठ्या गवतकापणी यंत्रांना सेल्फ असतो. तिथं बटण दाबत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. आपल्याकडं निदान दंडच दुखतो.

तेव्हा पहिलं काम, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद. मग स्विच बंद करून प्लगची टोपी काढायची आणि ती प्लगच्या भोकापासून लांब ठेवायची. २१ मिलिमीटरच्या पान्यानं प्लग काढा, भोकासमोर फडकं धरा आणि दोरी हळूहळू ओढा. पेट्रोलची पिचकारी बाहेर येते, म्हणून तोंड तिथं न्यायचं नाही, आणि बिडीवाल्याला आधीच धुऱ्यावर पाठवायचं. प्लग पुसून उन्हात ठेवा. तो गॅसच्या शेगडीवर भाजण्याची आपल्याकडं हौस आहे. त्यानं प्लग सुकतो, पण हाताला पेट्रोल लागलेला माणूस शेगडीपाशी उभा राहतो त्याचं काय? बसवताना प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

पेट्रोल मिसळलेलं तेल "चालतंय की" म्हणून ठेवायचं नाही. ते इतकं पातळ होतं की बेअरिंगवर टिकतच नाही. सगळं काढून डब्यात भरा, विहिरीच्या अंगाला ओतू नका. साडेपाच ते साडेसहा एचपीच्या इंजिनात साधारण ६०० मिली नवं तेल बसतं, भरताना यंत्र सपाट जमिनीवर हवं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, त्याला नव्वद नंबर. एकाच झाकणात दोन्ही ओतणारे महाभागही असतात.

एवढं करून इंजिन चालू होतं आणि बहुतेक जण इथंच थांबतात. गळकी सुई मात्र जिथल्या तिथं राहते. तेव्हा वाटी उतरवाच. खालचा बोल्ट दहा नंबरचा, त्याचं वायसर हरवायचं नाही. फ्लोटची पिन सरकवली की फ्लोट आणि सुई हातात येतात. फ्लोट कानापाशी हलवा. आत खळखळ झाली तर तो पेट्रोल पिऊन जड झालाय, बदला. सुईचं रबरी टोक उजेडात धरा. त्यावर गोल खाच पडलेली दिसली तर सुई नवी घ्या, घासून बरी होत नाही. ती जिथं बसते ते भोक कान कोरायच्या कापसाच्या काडीला पेट्रोल लावून फिरवत पुसा. पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये, मात्र सुई, दाभण घालू नका, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं काळं धुरकायला लागतं. वायरीतला तांब्याचा एक केस पुरे. आणि रबरावर थिनर नको, ते फुगतं.

मग खरी परीक्षा. सगळं जोडायच्या आधी कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोट आपल्या वजनानं सुई दाबतो. पेट्रोलच्या नळीतून तोंडानं फुंका. फुंकर आत गेली नाही तर पास. गेली तर पुन्हा उघडा. चव वाईट लागते, पण मेकॅनिकच्या बिलापेक्षा बरी.

सगळं जोडून पाच मिनिटं चालवा आणि तेलाचा वास परत घ्या. वास राहिलाच तर तेल पुन्हा बदला. जीव तुटतो, पण बदला.

खरं तर हे सगळं दसऱ्याच्या आधीच टळलं असतं. खंडेनवमीला वीडरला हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ सगळं मिळतं, पण कॉकला कुणी हात लावत नाही. यंत्र ठेवायच्या दिवशी टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वाटी कोरडी होते. नंतर दोरी हळू ओढून, जिथं जड लागेल तिथं सोडा. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, काही झिरपलंच तरी सिलिंडरमध्ये शिरत नाही. जुना कॉकच गळत असेल तर नळीत दुसरा बारीक कॉक बसवा.

आणि एक. वीडर उसना नेऊन टाकीत थेंबही न ठेवता परत आणणाऱ्या शेजाऱ्याला आपण वर्षानुवर्षं नावं ठेवतो. शेवटची कोळपणी झाल्यावर वीडर मुद्दाम त्यालाच द्यावा.