‘ताट चाटूनपुसून संपवलंच पाहिजे’ म्हणणाऱ्यांना

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ताट संपेपर्यंत मुलाला उठू देऊ नका. खात नसेल तर मोबाइल लावा. संपवलं की चॉकलेट द्या. दोनदा थुंकलेला पदार्थ पुन्हा वाढू नका.’ चारही सल्ले मुलाच्या भुकेला विचारतच नाहीत, हे माझं मुख्य भांडण.

आधी ताट. जन्मतः 3 किलोचं बाळ वर्षाचं होईतो साधारण 9 किलोचं होतं. दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही कमी होते आणि आपण ‘हल्ली काही खातच नाही’ म्हणत वाटी घेऊन मागे धावतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना सूप देऊन ‘संपव, संपव’ असा लकडा लावला, तर त्यांनी ते कमी प्यायलं आणि वर नावंही ठेवली. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी 1980च्या दशकातच कामाची वाटणी सांगितली: काय, कधी, कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

मोबाइल लावला की घास भराभर जातात, हे खरं. पण डोळे पडद्यावर आणि तोंड आपोआप उघडतंय, अशा वेळी पोट भरल्याचं कळणार कुणाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांनुसार तर दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच.

चॉकलेटचं बक्षीस? त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे.

दोनदा थुंकलं म्हणून सोडून देणं मला सगळ्यात चुकीचं वाटतं. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती स्वाभाविक असते. ओळख पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. नीट बघा: मूल वाटाणा बोटाने चिरडतं, हुंगतं, जिभेला लावतं आणि तळहातावर काढून ठेवतं. आपण म्हणतो ‘नाटकं’, पण त्याची पारख चाललेली असते. वाटाणा चिमूटभरच, आवडीच्या पदार्थाशेजारी, काही न बोलता वाढत राहा.

जेवणाआधी तासभर दूध-बिस्किटं चालू असतील, तर मात्र दोष ताटाचाही नाही आणि मुलाचाही नाही. वजन अडलं असेल किंवा प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा.