मुलं आली, कुलूप तपासा!

सुट्टी संपली. फुगे, गुलाबाची फुलं, प्रवेशोत्सवाचे फोटो अपलोड, सगळं पार पडलं. आता खरं संकट. पहिली ते चौथीची पोरं चार दिवस वर्गात बसली की ग्रंथालयाकडे बघायला लागतात. (ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं काचेचं कपाट. वेगळी खोली असलीच तर तिथे पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात.) त्यांचं स्वागत कसं करावं, ते सांगतो.

किल्ली ज्यांच्याकडे असते ते गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले असावेत. प्रशिक्षण नसेल तर मतदार यादीचं काम आहेच.

मुलानं पुस्तक मागितलं तर एकदम 'नाही' म्हणू नये, कोवळं मन दुखावतं. जूनमध्ये 'पावसात भिजेल' म्हणावं, ऑगस्टमध्ये 'चाचणी होऊ दे', दिवाळीनंतर 'स्नेहसंमेलन झालं की बघू', आणि फेब्रुवारीत 'आता सगळी पुस्तकं जमा करायची आहेत'. दिलीच नाहीत तर जमा काय करायची, हे विचारण्याइतकी चौथीपर्यंतची मुलं आगाऊ नसतात.

पुस्तकांना खाकी कव्हर घालावं. मुखपृष्ठ दिसलं की मागतात.

१५ ऑक्टोबरला मात्र कपाट उघडावंच लागतं. डॉ. कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. मुलांना मैदानात रांगेत बसवून प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक द्यावं. ज्यांनी उलटं धरलंय त्यांना मागच्या रांगेत. फोटो निघाला की मोजून परत.

राहता राहिली नोंदवही. इथे माझ्या भाचीच्या शाळेचा आदर्श ठेवावा. भाची तिसरीत आहे. गेल्या वर्षी तिला एक पुस्तक मिळालं होतं. हो, मिळालं होतं, तेव्हा तपासणी होणार होती. ते परत गेलं तेव्हा एका पानावर वरणाचा डाग होता. यंदा शाळा सुरू झाल्यावर तिनं दुसरं मागितलं, तर सगळ्या वर्गासमोर तो डाग दाखवण्यात आला आणि 'घरून कुणाला तरी घेऊन ये' असं फर्मान निघालं. मामा गेला. समोर नोंदवही उघडली गेली: दाखल क्रमांक, किंमत पंचेचाळीस रुपये, सही. म्हटलं, पंचेचाळीस भरतो. तर पैसे घेता येत नाहीत, पावती कुठल्या नावानं फाडायची? म्हटलं, नवी प्रत आणून देतो. तर नव्या प्रतीला जुना दाखल क्रमांक चालत नाही. मग करू तरी काय? 'काही करू नका. तिला यापुढे पुस्तक द्यायचं नाही, असं ठरवलंय.' त्याच कपाटाच्या खालच्या खणात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता, वाळवीनं अर्धा खाल्लेला. त्याचं काय? 'तो निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्यासाठी ठेवलाय.' वाळवीला कुणी मामा घेऊन ये म्हटलेलं दिसत नाही.

गुरुजींची भीती मला कळते. साठ्यात एक पुस्तक कमी भरलं तर वरून विचारणा होते, आणि शंभर पुस्तकं वर्षभर कुणी उघडली नाहीत तर कुणी हूं की चूं करत नाही. पण केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षाला हजार पुस्तकं वाचकांच्या हाती गेली तर त्यातली पाच हरवणं वाजवी धरलंय, लबाडी किंवा हयगय नसेल तर. तो नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, मान्य. पण दिल्लीतल्या हिशेबनिसांना जे उमजलं ते आपल्याला उमजू नये? 'पुस्तकं वापरासाठी असतात' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा पहिलाच नियम, १९३१ सालचा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलंय, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत असंही लिहिलंय. कुलपाचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

आणि आता सरळच विचारतो. आठ वर्षांच्या पोरीला वर्गासमोर उभं करताना लाज नाही वाटली? वरणाचा डाग पडला, कारण ती जेवताना वाचत होती. जेवताना! मोबाइल दाखवल्याशिवाय मुलं घास घेत नाहीत, म्हणून दर पालकसभेत आम्हालाच झापता ना? हिच्या हातात तुमचंच पुस्तक होतं. उद्या ते कपाट उघडा. सगळ्यांना द्या, तिलाही द्या. फाटलं तर चिकटपट्टी मी आणून देतो. हरवलं तर नोंदवहीत 'हरवलं' असं लिहा. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच असतो.