सांधा काढला म्हणून फुगा टिकेलच असं नाही

सध्या एक दावा फार फिरतो आहे. हवा भरून फुगवायच्या वस्तू सांध्यावरच फाटतात, म्हणून सांधाच काढून टाका. मेणाचा किंवा पाण्यात विरघळणारा तात्पुरता साचा करा, त्यावर रबराचा थर द्या, थर पक्का झाला की साचा वितळवून काढा. जी अखंड वस्तू हाती येईल ती ना गळेल ना फाटेल, आणि उद्या मोठे तंबू, अंतराळातली घरंही अशीच बनतील. यातलं तंत्र खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या गोष्टी खोडून काढाव्याशा वाटतात. हे वाचून मुलं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मेण वितळवायला बसतात आणि शेवटी स्वतःच्या हाताला दोष देतात.

पहिला मुद्दा: अखंड वस्तू गळत नाही. वाढदिवसाला आणलेले हेलियमचे फुगे दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. साधा रबरी फुगा साचा लेटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या पातळ चिकात, बुडवून काढलेला असतो, त्याला कुठेही सांधा नाही. चकचकीत फॉइलचा फुगा म्हणजे दोन पातळ पापुद्रे कडेने गरम करून चिकटवलेले, म्हणजे सगळी कडच सांधा. रबरी फुगा सकाळपर्यंत खाली आलेला असतो आणि फॉइलचा बहुधा आठवडाभर छताला टेकून राहतो. हेलियम रबराच्या आरपार झिरपतो, त्याला भोक लागत नाही. सिलिकॉनमधून तर वायू नैसर्गिक रबरापेक्षाही कितीतरी सहज जातात, आणि तात्पुरत्या साच्यावर हौशी लोक सर्रास सिलिकॉनच ओततात.

दुसरा मुद्दा, फाटतं ते सांध्यावरच, हा जरा सावकाश बघण्यासारखा आहे, कारण त्यात तथ्य आहे. सिलिकॉनचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ओतून चिकटवले तर बऱ्याचदा तिथेच पापुद्रा सुटतो. पण सांधा गेला की कमकुवत जागा नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते. बाहेरच्या साच्यात मेणाचा गाभा, म्हणजे आतला तात्पुरता साचा, टांगून सिलिकॉन ओतलं की हलका गाभा वर तरंगू पाहतो. आधार जरा ढिला असला आणि गाभा अर्धा मिलिमीटर सरकला, तर दोन मिलिमीटरच्या भिंतीची एक बाजू दीडची होते आणि समोरची अडीचची. बुडवून थर दिला तर ओघळ खाली उतरतो. वरची बाजू पातळ राहते, टोकाला गाठ येते. वस्तू उजेडासमोर धरली की हे डोळ्यांना दिसतं.

पुढचं काम हवा करते. पातळ जागा आधी ताणली जाते, ताणल्यावर आणखी पातळ होते, आणि फुगवटा वाढला की तिथला ताणही वाढतो. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते आणि नंतर सोपं होतं, त्याचं कारण हेच. सगळीकडे सारखा थर नसेल तर हवा सोपी जागा शोधते, एका बाजूला टेंगूळ येतं आणि ते तिथेच फुटतं.

शिवाय सांधा कुठे घातला आहे हे महत्त्वाचं असतं. लांब नळीसारख्या वस्तूत परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो. म्हणजे नळीभोवती गोल फिरणाऱ्या सांध्यावर, लांबीने उभ्या जाणाऱ्या सांध्याच्या निम्माच ताण येतो. चांगला डिझायनर हे आधी ठरवतो.

तात्पुरत्या साच्याशिवाय अखंड वस्तू होत नाही, हेही चूक. 1931 साली अमेरिकेत नील टिलटसन यांनी मांजराच्या तोंडाच्या आकाराचा पुठ्ठा कापून लेटेक्समध्ये बुडवला आणि त्यावरून फुगा सोलून काढला. रबर ताणतं, त्यामुळे साचा मोडावा लागत नाही. हृदयाची रक्तवाहिनी रुंद करायचा अँजिओप्लास्टीचा बलून तर प्लास्टिकच्या नळीला गरम साच्यात हवा भरून घडवतात. साचा कायमचा, बलून अखंड. आतली पोकळी तोंडापेक्षा मोठी आणि पदार्थ सोलून काढण्याइतका ताणणारा नसेल, तेव्हाच गाभा वितळवायची पाळी येते.

आणि वितळलेलं मेण बाहेर यायला तोंड लागतं. त्या तोंडात नळी किंवा व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे पुन्हा सांधा आलाच.

राहिला मोठ्या आकाराचा प्रश्न. नासाचा इको 1 हा फुग्याचा उपग्रह 12 ऑगस्ट 1960 रोजी सोडला गेला. व्यास सुमारे 30.5 मीटर, मायलर या प्लास्टिकच्या पापुद्र्याची जाडी 12.7 मायक्रॉन, आणि तो 82 पाकळ्या चिकटवून बनवला होता. तेवढा भरीव मेणाचा गाभा करायचा तर 13,000 टनांहून जास्त मेण लागेल. गाभा पोकळ केला तरी एवढ्या गोलावर इतका पातळ आणि सारखा थर कसा देणार? हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रात संशोधनाचे महाकाय बलून बनतात, तेही पॉलिथिनच्या लांब पाकळ्या उष्णतेने जोडून. अशा बलूनमध्ये वजन पेलणाऱ्या पट्ट्या याच सांध्यांवरून खाली येतात. ज्याला दोष म्हणून हिणवलं जातं, त्याच्याच आधाराने खाली दुर्बिणी लटकतात.

हे तंत्र जिथे शोभतं ती जागा लहान आणि गुंतागुंतीची आहे. 2016 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ऑक्टोबॉट हा पूर्ण मऊ रोबो दाखवला. सिलिकॉनच्या आत खास शाईने फाटे फुटलेल्या वाहिन्या छापल्या, मग उष्णता देऊन ती शाई घालवली आणि मागे पोकळ वाटा राहिल्या. इतक्या बारीक फाट्यांना दोन अर्धे चिकटवून भागत नाही. असं काही करून बघायचं असेल तर पहिली वस्तू फुगवू नका. ती आडवी कापा आणि चारही बाजूंची भिंत व्हर्नियरने मोजा. गाभा कुठे सरकला ते तिथेच कळेल.