पाहुण्याला ४०९६ पानं

सोलापुरी चादर थंडीत पांघरायची असते, हा बाहेरगावच्या लोकांचा गैरसमज आहे. तिचा खरा उपयोग मे महिन्यात. ओली करायची, पिळायची आणि खिडकीला बांधायची. दुपारी एक ते चार आमच्या घरात तीन चादरी अशा टांगलेल्या असतात आणि त्यांच्या आड मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नोकरी करत असतो. बाहेर ४३ अंश. लॅपटॉपचे किती, ते मांडीला विचारा.

त्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. ‘‘ते मेमरी ॲलोकेशनचे हेल्पर्स आहेत ना, टेस्टमधले, ते जरा नीट लावून घे. दोन तासांचं काम आहे.’’

‘जरा’ आणि ‘दोन तास’ हे शब्द एका वाक्यात आले की मी आठवडा मोकळा ठेवतो. पण हा आठवडा मोकळा नव्हता. चुलतबहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, अक्कलकोटहून येऊन दाखल झालेले. आणि पाणी परवा येऊन गेलेलं, म्हणजे पुढचं यायला अजून अवकाश. उजनी भरो की आटो, आमच्या आईचं पाण्याचं गणित वर्षभर एकच असतं: पिंप दोन, हंडे सहा, कळश्या नऊ, आणि कोणत्या भांड्यातलं पाणी कशासाठी हे तिच्या डोक्यात. कळशीला हात लावला की आतून आवाज येतो, ‘‘ती नको, ती उद्याची आहे.’’

मी नेमकं काय काम करतो हे मला बारा वर्षांत घरी समजावता आलेलं नाही. आई लोकांना ‘कॉम्प्युटर तपासतो’ असं सांगते. मामांनी मात्र जेवण झाल्यावर विषय धरला. ‘‘तपासतोस म्हणजे काय करतोस?’’

मी सांगितलं, की खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. जुळे सोलापूर कसं, सोलापुरातच आहे, पण पाटी पाहून नवख्याला वाटतं दुसरंच गाव. खरा तो होस्ट, यजमान. खोटा तो गेस्ट, पाहुणा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय केव्हीएम नावाने २००७ च्या फेब्रुवारीत, २.६.२० या आवृत्तीत आली. तिची सगळी खुबी अशी, की पाहुण्याला अख्खं घर आपलंच वाटलं पाहिजे. प्रोसेसर आपला, मेमरी आपली.

मामा तेव्हा माझ्या खुर्चीत, माझा टेबलफॅन स्वतःकडे वळवून, माझ्या वाटणीची शेंगापोळी खात बसले होते. ‘‘बरोबर आहे की,’’ म्हणाले. ‘‘पाहुण्याला तसं वाटलंच पाहिजे.’’

‘‘आणि मामा, कधीकधी पाहुण्याच्या पोटात आणखी एक पाहुणा असतो. म्हणजे जो पाहुणा तोच पुन्हा कुणाचातरी यजमान. त्याला नेस्टेड म्हणतात.’’

‘‘म्हणजे मी,’’ मामा म्हणाले. ‘‘तुझ्या आत्याचा यजमान, तुमचा पाहुणा.’’

बारा वर्षांत माझं काम कुणाला इतकं कळलं नव्हतं. पुढचा तासभर मला त्यांचा फार अभिमान वाटला. मग ते माझ्याच पलंगावर झोपले.

आता कामाचं. केव्हीएमच्या चाचण्यांमधला पाहुणा अगदी साधा असतो. त्याच्यात विंडोज नसतं, लिनक्सही नसतं. एक छोटंसं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, तेच पाहुणा. आला, दोन ओळींचं काम केलं, गेला. पण तेवढ्यालाही बसायला जागा लागते. ती जागा पानापानाने देतात. पान म्हणजे ४०९६ बाइट. (‘पेज’चं मराठी करताना ‘पृष्ठ’ म्हणणारे लोक असतात. त्यांनी कधी पंगतीत वाढलेलं नसावं.) प्रत्येक पानाची नोंद एका बिटात: मोकळं की दिलेलं. जे हेल्पर फंक्शन मोकळं पान शोधून पाहुण्यापुढे मांडतं, ते मला नीट लावायचं होतं. आमच्या कंपनीने लिनक्समधल्या या चाचण्यांची एक जुनी प्रत कधीकाळी उचलली आणि लोणच्यासारखी मुरत ठेवली. मूळ प्रत सुधारत गेली, आमची मुरत गेली.

शिवाय एका पानाला पत्ते तीन. पाहुणा स्वतःच्या मनात धरतो तो एक, पाहुण्याच्या कागदोपत्री मेमरीतला दुसरा, आणि यजमानाच्या मेमरीत ते खरोखर जिथे असतं तो तिसरा. हे ऐकून लोक घाबरतात. आमच्या घराचंही तेच आहे. आधारवर प्लॉट नंबर आहे, रिक्षावाल्याला ‘पाण्याच्या टाकीमागे’ सांगावं लागतं, आणि पार्सलवाला रोज ज्या घरी जातो ते तिसरंच.

जुन्या फंक्शनला पाच गोष्टी द्याव्या लागत: मशीन कोणतं, जागा किती, कुठल्या पत्त्याच्या पुढे, माल कुठल्या स्लॉटमध्ये (म्हणजे मेमरीच्या कप्प्यात), आणि पानांचे पत्ते लिहायचा तक्ता कुठल्या स्लॉटमध्ये. शेवटच्या दोन जागी सगळे जण शून्य लिहीत. शंभरावर ठिकाणी: शून्य, शून्य. लग्नपत्रिकेत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ असतं ना, तसं. वाचत कुणी नाही, गाळायची हिंमत कुणाची नाही. मी ती शून्यं काढायची ठरवली. नेहमीच्या कामाला एक फंक्शन करायचं, जे बाइटमध्ये जागा घेईल. एकच पान हवं असेल तर दुसरं, ज्याला आकडा द्यायचाच नाही. आणि अनेक पानं हवी असतील तर तिसरं, ज्याला पानांची संख्या द्यायची.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘काढून टाकू नकोस, कधी लागतं.’’ मी हसलो. (पुढे मूळ लिनक्सवाल्यांना ते वेगवेगळे स्लॉट खरंच लागले, कोड एका ठिकाणी, तक्ते दुसऱ्या, माल तिसऱ्या ठेवायला. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.)

शंभर ठिकाणी हाताने बदल कोण करणार? तेही त्या उकाड्यात. मी ‘सेड’ची एक आज्ञा लिहिली, शोधा आणि बदला. जुन्या लोकांनी एक पान मागताना तीन तऱ्हा केल्या होत्या. कुणी पानाचा आकार विचारणारं फंक्शन लिहिलं होतं, कुणी सरळ ४०९६, कुणी तेच सोळाच्या हिशेबात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये, ०x१०००. पहिली तऱ्हा मी बरोबर बदलली. दुसरी बदलत असतानाच स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘‘अरे, पिण्याचं पाणी संध्याकाळपर्यंत पुरायचं नाही. जारवाल्याला फोन कर. चाळीस लिटर बास होईल.’’

मी डोळे स्क्रीनवरून न काढता फोन लावला.

‘‘दादा, किती?’’

‘‘चाळीस पाठव.’’

‘‘चाळीस?’’

‘‘हो रे, चाळीस.’’

‘‘बरं बरं. लग्नघर आहे ना, कळलं की.’’

मला त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं. फोन ठेवला, एंटर दाबलं, चाचण्या चालवल्या. निम्म्या हिरव्या, निम्म्या लाल. लाल झालेल्या प्रत्येकीचं रडगाणं एकच: पाहुण्यासाठी एकही मोकळं पान नाही.

हे कसं शक्य आहे? पाहुणा एक पान मागतोय. आमच्या प्रतीत त्याला सुरुवातीलाच ५१२ पानं मिळतात, म्हणजे दोन एमबी. दोन ओळींच्या फंक्शनला ती सणासारखी. मी शोधत बसलो. वीज गेली. आली. खिडकीवरची चादर वाळून खडखडीत झाली, ती पुन्हा भिजवायला मी कळशीकडे हात नेला आणि ‘‘ती नको’’ ऐकून परत आलो. पानं मोजणाऱ्या त्या बिटांकडे टक लावून बघत होतो. शेवटी दिसलं. मी नाव बदललं होतं ‘पानं द्या’ असं, आणि आकडा ठेवला होता तसाच, ४०९६. जुन्या फंक्शनला ते बाइट वाटायचे, एक पान. नव्याला पानं वाटली. चार हजार शहाण्णव पानं, म्हणजे सोळा एमबी. पाहुणा एकटा जेवायला बसलेला आणि मी त्याच्यासाठी अख्ख्या गावाची पंगत मांडायला निघालो होतो, तीही घरात ५१२ पानं असताना.

मी कपाळावर हात मारला आणि बाहेर टेम्पो थांबला.

पोरगा एक जार खांद्यावर, एक हातात घेऊन आत आला. ते दोन ठेवले. परत गेला. आणखी दोन आणले. सहा झाल्यावर मी म्हटलं, ‘‘बास की.’’ तो म्हणाला, ‘‘अजून चौतीस आहेत, दादा.’’

वीस लिटरचा एक जार. चाळीस जार. आठशे लिटर. दिवसात दुसऱ्यांदा माझा आकडा एकक टाकून एकटाच निघून गेला होता.

परत पाठवायचं म्हटलं तर त्याने टेम्पो बोलावलेला, भाडं झालेलं, आणि समोरच्या दोन घरांनी खिडकीतून बघून ‘‘लग्नाची तयारी जोरात आहे’’ असं म्हटलेलं. मामा उठून दारात आले. जार मोजले. ‘‘आपण दोघंच आलोय,’’ आत्याला हळूच म्हणाले.

आई मात्र एक शब्द बोलली नाही. तिने पदर खोचला आणि जागा लावायला घेतली. आठ जार देवघरासमोर, दहा जिन्याखाली, सहा मामांच्या पलंगाखाली, चार माझ्या टेबलाखाली जिथे माझे पाय असतात. कुठला जार कुठे हे तिने कागदावर लिहिलं नाही. मी विचारलं तेव्हा प्रत्येकाचा पत्ता तिला तोंडपाठ होता. माझ्या हेल्परला पुढचं मोकळं पान नकाशात शोधावं लागतं, ती नुसतं वळून बघत होती. पाय पोटाशी घेऊन मी रात्री उरलेल्या चाचण्या सुधारल्या. सगळ्या हिरव्या. दोन तासांचं काम तीन दिवसांत झालं, हे आमच्यात वेळेआधी धरतात.

एक सांगायचं राहिलं. त्या चाचण्यांच्या हेल्परमध्ये एकेक पान परत द्यायची सोयच नाही. घेत जायचं, आणि शेवटी मशीन मोडलं की सगळं एकदम परत जातं. मला ती आळशी लोकांची सोय वाटायची.

लग्न झालं. पाणी पुरलं, उलट वऱ्हाडातल्या प्रत्येकाने विचारलं, गार पाण्याची एवढी सोय कुणी केली? आईने माझ्याकडे बोट दाखवलं. चौथ्या दिवशी जारवाल्याचा पोरगा रिकामे जार न्यायला आला. जिन्याखालचे, पलंगाखालचे, माझ्या पायांतले, सगळे दारात रांगेने उभे केले. त्याने दोनदा मोजले.

‘‘दादा, एकोणचाळीस आहेत. एक कमी आहे की.’’

‘‘सगळे दिले बघ!’’ आतून आई म्हणाली.

मी देवघराकडे पाहिलं. समईच्या मागे, धुतलेल्या सोलापुरी टॉवेलखाली काहीतरी जाडजूड उभं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेल खाली ओढून नीट केला.

‘‘ती नको,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘ती उद्याची आहे.’’