क्लस्टरचा माळा

आमच्या घरी आई एखादी वस्तू "काढून टाकली" म्हणते तेव्हा ती माळ्यावर गेलेली असते, हे मला लहानपणापासून माहितीये, तरी हडूपने, म्हणजे ढीगभर डेटा पुष्कळ कॉम्प्युटरांवर वाटून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने, मला त्याच बाबतीत रात्री साडेअकराला मामा बनवलं.

अलर्ट आला, क्लस्टर, म्हणजे ते सगळे कॉम्प्युटर मिळून, ९६ टक्के भरला. आदल्या दिवशी ८४ वर होता, एका दिवसात एवढं कोणी खाल्लं देव जाणे. म्हटलं जुने लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींच्या फाइली, उडवू आणि झोपू. आता एचडीएफएसमध्ये, म्हणजे हडूपच्या फाइल ठेवायच्या व्यवस्थेत, सीडी कमांड नाहीच, म्हणजे फोल्डरात आत जाऊन बसायची सोय नाही, दरवेळी अख्खा पत्ता टाइप करायचा, गल्ली-बोळासकट. लॉगनी किती जागा खाल्लीये बघायला डीयू मारलं तर दोन आकडे, २ टीबी आणि ६ टीबी. कारण फाइलचे १२८ एमबीचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याच्या ३ कॉप्या, तहसील कचेरीत झेरॉक्सचे तीन सेट जोडतो तसं, फक्त इथे ओरिजिनल असं काही नसतंच.

डिलीट करायचं आरएम मारलं. टक्के? ९६! सगळं अलगद उचलून माझ्याच नावाच्या ट्रॅश फोल्डरात, तिन्ही झेरॉक्ससकट. मग ट्रॅश साफ करायचं एक्स्पंज मारलं, नावावरून वाटतं आता घंटागाडी आली. छे! त्याने ताज्या कचऱ्याचा गठ्ठा बांधला, वर तारीख-वेळ टाकली आणि मुदत संपली की टाकू म्हणून गप्प. आई पण हेच म्हणते, दिवाळीला बघू.

उरला स्किपट्रॅश, म्हणजे ट्रॅशमध्ये न टाकता थेट उडवणं. यात माघार नाही, आणि पत्त्याच्या मधेच चुकून एक स्पेस पडली की अलीकडचं अख्खं फोल्डर जातं, सगळ्या टीमचं, आणि सकाळी मी पण. कमांड तीनदा मोठ्याने वाचली, बायको झोपेतच म्हणाली, "कोणाशी भांडतोयस?" एंटर दाबला. तरी ९६. घाम फुटला राव. मग आठवलं, नेमनोडने, म्हणजे कुठला तुकडा कुठे याची वही ठेवणाऱ्या कॉम्प्युटरने, नुसतं वहीतून नाव खोडलंय, खरे तुकडे सांभाळणारे डेटानोड दर ३ सेकंदांनी हजेरी द्यायला येतात तेव्हा त्यांना थोडं थोडं सांगणार, हे फेक, ते फेक. चहा केला. ९४... ९१... दीडला ८४.

सकाळी ऑफिसात पोचलो तर ज्युनिअर एकदम खुशीत. "दादा, जुने लॉग उडवले ना? टेन्शन नको घेऊ, मी परवाच त्यांची एक कॉपी करून ठेवलीये."

"कुठे?"

"क्लस्टरवरच."