आधी लिहायला येऊ दे, मग संशोधन? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, मुलांनी लहानपणापासूनच स्वतः शोधून लिहावं या माझ्या म्हणण्यावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसरीतल्या पोरांना जोडाक्षरं धड येत नाहीत त्यांना कसलं संशोधन, आधी शुद्धलेखन आणि निबंध पक्के होऊ देत, बाकीचं नववीत बघू, याला तासात वेळही नसतो, आणि हे सगळं शहरातल्या मोठ्या फीवाल्या शाळांनाच परवडतं. जोडाक्षरांची काळजी मलाही आहे. पण 'आधी हे, मग ते' मला पटत नाही, का ते आमच्या शाळेच्या विहिरीवरूनच सांगते.

आमच्याकडे पहिली ते दहावी एकाच आवारात, आणि मागे कठड्याची जुनी विहीर. सरकारचे भूजल सर्वेक्षणवाले नोंदीसाठी निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ४ वेळा मोजतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, म्हणून आम्हीही तेच महिने धरले. सहावीच्या मुलांनी दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, मी शेजारी उभी राहिले आणि ती दोघं-दोघं करून मोजत गेली. जानेवारीत १८ फूट आलं, मार्चमध्ये २६. एकाने वहीत लिहिलं, "विहिरीचं पाणी १८ वरून २६ झालं, म्हणजे पाणी वाढलं." शुद्धलेखनाची एकही चूक नाही सर, आणि वाक्य साफ चुकीचं! त्याने ते वाचून दाखवल्यावर एक मुलगी म्हणाली, अरे आकडा वाढला, पाणी खाली गेलं, आपण वरून मोजतोय ना. मग वरून म्हणजे नक्की कुठून, यावर भांडण, आणि तेव्हा कळलं की जानेवारीच्या गटाने जमिनीपासून धरलं होतं आणि मार्चच्या गटाने कठड्याच्या काठापासून. कठडा ३ फुटांचा. सगळी परत विहिरीवर गेली, जमिनीपासून २३ आलं. म्हणजे पाणी ८ नाही, ५ फुटांनी उतरलं होतं. नुसतं मोजून आली असती तर हे सापडलंच नसतं, वाक्य लिहून दुसऱ्यासमोर वाचावं लागलं म्हणून सापडलं. आणि 'पाणी हेच जीवन' असा निबंध लिहून घेतला असता तर त्यात तपासण्यासारखं काही नसतंच.

दुसरीला आम्ही मोजायला लावत नाही. घरी पाणी कोण भरतं, किती हंडे लागतात एवढंच विचारून यायचं, ती सांगतात आणि बाई त्यांच्याच शब्दात फळ्यावर लिहितात, मग ज्याचं त्याने आपलं वाक्य उतरवायचं. 'प्यायचं', 'कठड्यावर' ही जोडाक्षरं तिथेच गिरवली जातात, कारण ती त्यांना हवी असतात. एक पोरगी म्हणाली, "विहीर आटली होती म्हणे." कोण म्हणे? तेव्हापासून फळ्यावर दोन रकाने आहेत, 'मी पाहिलं' आणि 'मला सांगितलं'. मला विचाराल तर संशोधनाचा पहिला धडा या 'म्हणे'मध्येच आहे.

नववीपर्यंत थांबण्याबद्दल. नववीत जलसुरक्षा या विषयाचे प्रकल्प कसे होतात ते तुम्हीही पाहिलं असेल, नेटवरून उतरवायचं आणि वर रंगीत कव्हर लावायचं. मुलं आळशी नसतात हो, त्यांना आठ वर्षं कोणी स्वतःचा प्रश्न विचारूच दिलेला नसतो. यंदा आमच्या नववीने १९७२ च्या दुष्काळाबद्दल गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक आजोबा म्हणाले विहीर कोरडी पडली होती, दुसरे म्हणाले तळाला पाणी होतंच. बाई, कोणतं लिहू? मी म्हटलं दोन्ही लिहा, आणि तेव्हा कोण किती वर्षांचं होतं, कुठे राहत होतं तेही लिहा. एक आजोबा तेव्हा ६ वर्षांचे निघाले, आणि मुलांनी तो परिच्छेद आपणहून पुन्हा लिहिला.

शहरी चोचल्यांचं म्हणाल तर होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम बघा. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात १६ ग्रामीण शाळांत सुरू झाला, मुलं प्रयोग करून स्वतःच्या शब्दात निष्कर्ष लिहायची, परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोचला, २००२ मध्ये सरकारने बंद केला.

वेळेचा तुमचा मुद्दा मात्र मान्य. ३५ मिनिटांच्या तासात हे बसत नाही, आम्ही मराठी आणि विज्ञानाचे तास जोडून घेतो, आणि दोनशिक्षकी शाळेत तेही सोपं नाही हे मला माहीत आहे. शुद्धलेखनही तपासतेच, फक्त दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत वहीवर एकच प्रश्न लिहिते, "हे तुला कसं कळलं?" मेची नोंद अजून व्हायची आहे, झाली की मुलांच्या वह्यांचे फोटो इथेच टाकते, त्यातली जोडाक्षरं तुम्हीच तपासा.