सोलून काढलेलं चित्र

आज लेक शाळेतून रडत आली. 'जगातल्या देवी' म्हणून तक्ता केला होता. बाईंनी त्यातलं एक चित्र सोलून तिच्या हातात दिलं. म्हणे, "भीतीदायक आहे, बाकीची मुलं घाबरतील." चित्र कोआत्लिक्वेचं, मेक्सिकोच्या जुन्या अझ्टेक लोकांच्या देवीचं. मागे फेव्हिकॉल आणि तक्त्याचा पापुद्रा चिकटलेला. त्याच तक्त्यावरची मुंडमाळ घातलेली काली मात्र जागच्या जागी!

दोन वर्षांपूर्वी मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आम्ही तिच्यासमोर उभ्या होतो. अडीच मीटर उंच दगड. मान छाटलेली, तिथून रक्ताचे दोन नाग उसळलेत आणि तोंडाला तोंड भिडवून त्यांचाच एक चेहरा झालाय. गळ्यात हात, काळजं, कवटी. कमरेला नागांचा घागरा, तिच्या नावाचा अर्थच तो. आणि त्या माळेखाली पाजून पाजून ओघळलेले स्तन. ते कुणी बघतच नाही. आई आहे हो ती! कथेत ती डोंगरावर झाडलोट करत असते, वरून पिसांचा गोळा पडतो, ती तो उचलून खोचून ठेवते आणि विट्सिलोपोच्त्ली पोटात येतो, त्यांचा सूर्याचा आणि युद्धाचा देव.

तिथे मी लेकीला सांगितलं, मूर्तीच्या तळालाही कोरलंय, त्लाल्तेकुत्ली, पृथ्वीची देवता. मूर्ती उभी केली की ते कुणालाच दिसत नाही. ही बया तिथेच फरशीवर पालथी पडली, गाल टेकवून. "आई, दिसतच नाही तर काढलं कुणासाठी?"

जमिनीसाठी. बघणाऱ्यांसाठी नव्हतंच ते. एवढं आठ वर्षांच्या पोरीला उमगलं.

आणि हे लपवणं आजचं नाही, म्हणून जास्त संताप येतो. ऑगस्ट 1790 मध्ये शहराच्या मुख्य चौकात खोदकाम करताना ही सापडली. विद्यापीठात नेली. तिथले मूळचे लोक फुलं, मेणबत्त्या घेऊन गुपचूप यायला लागले. झालं, प्राध्यापकांचं धाबं दणाणलं. तरुण पोरांसमोर असली मूर्ती नको म्हणून परत पुरली! 1803 साली हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाला बघायची होती म्हणून उकरली, त्याचं बघून झाल्यावर पुन्हा मातीत. पाहुण्याला दाखवायची, स्वतःच्या लेकरांना नाही.

नरबळी देत होते ते अझ्टेक लोक, हो, नाकारत नाही. पण त्यांच्या लेखी सूर्य फुकट उगवत नव्हता. देवांनी स्वतःचा बळी दिला तेव्हा तो चालू लागला, ते देणं माणसावर होतं. जी पोटातून काढते तीच पोटात घेते, हे ज्यांनी एका दगडात मांडलं त्यांना रानटी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

बाईंवर फार राग धरवत नाही आता. चाळीस पोरं, वर पालकांचे फोन. तरी उद्या जाऊन बोलणार आहे, भांडायला नाही.

आत्ता लेक झोपलीये. चित्र टेबलावर आहे. पापुद्रा नखाने खरवडून मागच्या पांढऱ्या बाजूला तिने पेन्सिलीने काहीतरी काढलंय, पाय फाकलेलं, जबडा वासलेलं. खाली लिहिलंय, "हे चिकटवल्यावर दिसणार नाही."